मोठ्या डॉक्टरांना घातलेला हार

डॉक्टर, दवाखाना अजून बंद केलेला नाही. सकाळी शटर अर्धं वर करून मी बसतो. लोकांच्या कवळ्या आणि एक्स-रे आपल्याकडे राहिलेत, ते ज्याचे त्याला पोचले पाहिजेत. कोल्हापूरच्या या राजारामपुरीतल्या बाकीच्या दवाखान्यांत गर्दी असते, आपल्या बाकावर ऊन पडलेलं असतं. येणारा प्रत्येकजण विचारतो, आता पुढं काय? मी सांगतो, ताई ठरवतील. ताई म्हणजे तुमची मुलगी. संध्याकाळी मी शटर पाडतो. कुलूप लावल्यावर मी परत मागे येऊन ते ओढून बघतो. पूर्वी तुम्ही पायरीवर उभं राहून म्हणायचा, "झालं काय समाधान? का आत जाऊन झोपताय?" आता कुणी म्हणत नाही. मी ओढून बघतोच.

परवा कागलच्या काकू आल्या. त्यांची वरची कवळी लॅबमधून आली होती. तुम्ही असता तर बसवून, चावायला लावून, घासून परत बसवली असती. मी नुसती डबी हातात दिली. त्या सवयीनं खुर्चीत जाऊन बसल्या, आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "डॉक्टर गेलं आणि ह्यो इंग्रज अजून हितंच."

मी फडक्यानं खुर्चीचा हात पुसला.

"म्हंजे हार घालणारं पावणं तुम्हीच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो.

काकू हसायला लागल्या. तोंडात दात नव्हते म्हणून तळहात आडवा धरून हसत होत्या. मग एकदम माझा आवाज काढून म्हणाल्या, "मोठ्या डाक्टरला हार घालूलालो ना, जरा थांबा."

माझा आवाज म्हणजे आताचा नाही. मी मराठवाड्यातून, किनवटकडून आलो तेव्हाचा. हे "घालूलालो", "येऊलालो" इथं कुणी बोलत नाही, आणि मीही आता बोलत नाही. काकूंनी मला तसं बोलताना कधी ऐकलेलं नाही. त्यांनी तुम्हाला ऐकलेलं आहे.

"काकू, ही गोष्ट तुम्हाला कधी सांगितली डॉक्टरांनी?"

"माझ्या दाढा काढताना. किती डाव सांगितली. तुम्ही लॅबला गेलासा की सांगायचं. तुमची चाहूल लागली की गप." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या थांबल्या. डोळे पुसले. "वाईट वाटून घेऊ नका पावणं. आमच्या घरात कुणाची दाढ दुखाय लागली की मालक अजून म्हणत्यात, ये तुला पेढा भरवतो. लई चांगली गोष्ट हाय. येतो मी."

इथल्या बायका "येतो मी" म्हणतात. त्याची सवय व्हायलाच मला फार दिवस लागले होते. त्या गेल्यावर मी खुर्चीखालचं भांडं उगीचच परत धुतलं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं ठरलंय. डॉक्टर मंडळी लिहिणार आहेत, तुमचे मॉर्निंग वॉकवाले लिहिणार आहेत. "तुम्ही पण लिहा," ताई म्हणाल्या. "हाराची गोष्ट लिहा. पप्पांची सगळ्यात आवडती. माझ्या लग्नात त्यांनी जेवणाच्या पंगतीत सांगितली होती, माझे सासरे हसून हसून घास घेईनात."

म्हणजे तुमच्या व्याह्यांनाही ठाऊक होती. मी समजत होतो की ती गोष्ट तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या त्या माणसाला.

तर डॉक्टर, लिहायला बसलोय. ती गोष्ट द्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. दिली तर या गावात मी कोण, ते कायमचं छापून राहील. नाही दिली तर ताई विचारतील का म्हणून, आणि त्यांना काय सांगू?

तुम्ही मला ठेवून घेतलंत ते मी विसरलेलो नाही. सातवीत शाळा सुटली, मग बोअर खणायच्या गाडीवर लागलो. गाव सोडून कुठं कुठं फिरलो, आणि इथं आलो तेव्हा एका बाजूचा गाल टोमॅटोसारखा झाला होता. गाडीवाल्यानं मला तुमच्या दारात उतरवलं. मी खुर्चीच्या हाताला धरून बसलो होतो, आणि तुम्ही मशीन हातात घेऊन म्हणालात, "पावणं, एका लेडीची गोष्ट सांगतो. तिच्या घरी गरिबांसाठी चहा होता."

ती लेडी गावोगाव भाषणं करायची, की आपण गरिबांना आपल्या टेबलावर बसवलं पाहिजे. टाळ्या पडायच्या. आणि एक दिवस एक गरीब माणूस खरोखरच चार वाजता अंघोळ करून, भांग पाडून चहाला आला. इथपर्यंत आलात आणि तुम्ही दाढेत कापूस भरलात. "पुढचं पुढच्या सिटिंगला. तोंड मिटा."

गाडी दुसऱ्या दिवशी कर्नाटकात जाणार होती. दुखायचं थांबलं होतं, मी जायला हरकत नव्हती. पण त्या माणसाला चहा मिळाला की नाही, हे मला कळलं नव्हतं. मी राहिलो. परत तुमच्या दारात आलो तेव्हा गाडी निपाणीच्या पुढं गेली असेल. गोष्ट संपली तेव्हा लेडी पलंगाखाली लपली होती आणि नोकर त्या माणसाला सांगत होता, बाईसाहेब गरिबांच्या सभेला गेल्यात. मी तोंड उघडं ठेवून इतका हसलो की तुमची थुंकी ओढायची नळी निसटली. तुम्ही विचारलंत, "आता जाणार कुठं?" मी म्हणालो, माहीत नाही. "मग हितंच ऱ्हावा. ही नळी धरा."

तेव्हापासून मी नळी धरली. रूट कॅनालला जितक्या सिटिंग, तितके गोष्टीचे तुकडे. बाहेरून येणारे लोक म्हणायचे हा डॉक्टर फार हळू काम करतो. आतल्यांना ते हळूच पाहिजे असायचं. दाढ बरी झालेले लोक दाढ दुखते म्हणून यायचे, आणि तुम्ही आरसा फिरवून म्हणायचा, "दुखत काय न्हाय तुमचं. बसा, शेवट सांगतो."

मला एक कोडं होतं. या गोष्टी लिहिणारा तो फोटोतला इंग्रज मरून किती काळ झाला. त्याच्या गोष्टींतल्या हवेल्या, त्यांचे बटलर, कोल्ह्याची शिकार, यातलं काहीच आमच्या बाकावर बसलेल्यांनी पाहिलेलं नाही. तरी वडणग्याचा दूधवाला तोंडात कापूस धरून म्हणतो, "डॉक्टर, ह्यो इंग्रज आमच्या भावकीतला दिसतोय." तुम्ही नावं बदलत नव्हता. लेडी लेडीच राहायची, कर्नल कर्नलच. फक्त लेडी बोलायची ती, "बसा की पावणं, लाजताय काय," अशी. मी एकदा विचारलं होतं, हे अजून कसं काय चालतं? तुम्ही हात धूत होता. म्हणालात, "त्यो आपल्यापेक्षा मोठ्यांनाच हसला. ज्यांच्या घरी जेवायला जायचा त्यांनाच. खालच्याला हसणारं हसू दोन दिवसात आंबतंय. ह्याचं टिकलं."

हे तुम्ही म्हणाला होता, डॉक्टर. मी ते घट्ट धरून ठेवलं होतं. जगात असा एक माणूस होऊन गेला जो खाली बघून हसला नाही, आणि त्याच्या गोष्टी सांगणाऱ्याकडं मी कामाला आहे, असं मला वाटायचं. गावाकडं फोन केला की आईला मी हेच सांगायचो. तिला दातांचं काही कळत नव्हतं, पण हे कळायचं.

आता हाराचं. खरं काय झालं ते लिहितो, म्हणजे तुमचं आणि माझं शेजारी शेजारी राहील.

खंडेनवमी होती, माझी इथली पहिलीच. आमच्याकडं बोअरच्या गाडीला सुद्धा त्या दिवशी झेंडूचा हार असतो. म्हणून तुम्ही यायच्या आधी मी खुर्ची पुसली, मशीनला हळदकुंकू लावलं, दाढा काढायचे चिमटे तबकात मांडून त्यांच्यावर फुलं ठेवली. मग वर बघितलं तर तो फोटो. कोट घातलेला, ओठ आवळलेले, एक गाल जरा वर चढलेला. दात दुखत असल्यासारखं तोंड. मला वाटलं तुमचे गुरू असतील, ज्यांनी तुम्हाला हे काम शिकवलं. सगळ्या हत्यारांची पूजा करायची आणि गुरूला कोरडं ठेवायचं हे मला बरं वाटेना. स्टुलावर चढलो, हार घातला, कपाळावर गंध लावलं, खाली फळीवर पेढा ठेवला. तुम्ही दारात आलात. मी म्हणालो, मोठ्या डाक्टरला हार घालूलालो.

तुम्ही काय केलंत ते मला नीट आठवतं, कारण त्या दिवसानंतर मी या गावात अंग सैल सोडून झोपायला लागलो. तुम्ही चपला दाराशी काढल्या. आत आलात. फोटोसमोर उभं राहून हात जोडलेत. डोळे मिटलेत. मग फळीवरचा पेढा उचलून अर्धा मला दिलात, अर्धा खाल्लात. हसला नाहीत. दुपारी डबा खाताना तुम्ही हळूच सांगितलं, ते डॉक्टर नव्हते, गोष्टी लिहिणारे होते, ती लेडी त्यांचीच. मी लाजून मेलो. तुम्ही म्हणालात, "असू दे. ह्यांना जन्मात कुणी हार घातला नसंल. हितनं पुढं घालत जावा." दर खंडेनवमीला तुम्हीच आठवण करायचा, मोठ्या डॉक्टरांचा हार आणला का म्हणून. मी आणायचो. मला तो मान वाटायचा. त्यांचा, आणि थोडा माझाही.

काकूंकडून, ताईंकडून मी तुमची गोष्ट तुकड्या तुकड्यानं ऐकली. त्यात मी फोटोच्या तोंडाला पेढा लावतो. त्यात मी विचारतो, यांची दाढ काढून घेतली असती तर वाचले असते का? त्यात नारळ फुटतो आणि पाणी पेशंटच्या अंगावर उडतं. ही भर तुमची. गोष्ट सांगणारा भर घालतोच, ते मी तुमच्याकडूनच शिकलो, त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्याचा आहे. तुमच्या गोष्टीत तुम्ही दाराआड उभे असता. तोंडावर रुमाल दाबून. मी ताईंना दोनदा विचारलं, "पप्पांनी चपला काढल्या, हात जोडले, हे सांगितलं नाही का?" ताई म्हणाल्या, "नाही ओ, ते तर दाराआड हसत होते ना?"

तुमचे जोडलेले हात तुम्ही काढून टाकलेत. मला स्टुलावर ठेवलंत आणि स्वतः दाराआड गेलात. मला कळत नाही की मी जे पाहिलं ते खरं, की तुम्ही जे सांगत राहिलात ते. हात जोडताना तुम्ही आतल्या आत हसत होता का? पेढा खाताना? दर वर्षी हार आणायला सांगताना गोष्टीला पुढचा तुकडा जोडत होता का? हे विचारायला तुम्ही नाही. कुणाला विचारू? फोटोला विचारून झालं. त्याचं दात दुखतं तोंड तसंच आहे.

आणि माझी बोली. मी ती इथं आल्यावर मुद्दाम टाकली, कारण पेशंट हसायचे. "हाय", "न्हाय", "व्हय" शिकलो. आईच्या फोनवर सुद्धा माझ्या तोंडून इथलंच यायला लागलं, ती म्हणायची, कोण बोलूलालंय? आता आई नाही. आणि परवा कळलं की या सगळ्या वर्षांत कोल्हापुरात माझ्या आईची बोली एकाच ठिकाणी शिल्लक होती, तुमच्या तोंडात, मी लॅबला गेलेला असताना. यावर रागवायचं की काय करायचं, मला ठरवता येत नाही. काकूंची नक्कल तुमच्याकडूनच आलेली. हुबेहूब होती. तुम्ही किती लक्ष देऊन ऐकलं असेल.

आपलं एक भांडण राहिलंय, डॉक्टर. त्या इंग्रजाची मित्रावरची गोष्ट. एक लेखक असतो, त्याचा एक भोळा मित्र असतो, दुकानात गेला की बोबडी वळणारा. लेखक त्याच्यावर गोष्ट लिहितो, बोबडीसकट. सगळं शहर हसतं. आणि तो मित्रच हातात फुलं घेऊन अभिनंदन करायला येतो. म्हणतो, "काय लिहिलंस, असा एक वेडा माझ्याही ओळखीचा आहे." तुम्ही ती डबा खाताना मला सांगितलीत आणि हसता हसता तुम्हाला ठसका लागला.

मी म्हणालो, "त्याला कळलंवतं."

"काय कळलंवतं?"

"गोष्ट आपलीच हाय म्हणून. मित्र हाय, म्हणून फुलं घेऊन आला."

"अहो पावणं, त्याला कळलं न्हाय हाच तर विनोद हाय. कळलं असतं तर तोंड फोडलं असतं की."

"तुम्ही फोडलं असतं. त्यानं न्हाय."

तुम्ही पुस्तक काढून शेवटचं पान मला वाचून दाखवलंत, इंग्रजीत आणि मग मराठीत. मी हट्ट सोडला नाही. तो दारातून निघताना टोपी उलटी घालतो ना, मी म्हणालो, कळलेलं नसतं तर सरळ घातली असती. तुम्ही पान परत वाचलंत, मनात. बराच वेळ डबा तसाच उघडा राहिला. मग म्हणालात, "तसं असंल तर फार वाईट गोष्ट हाय ही." आणि ती तुम्ही खुर्चीत कुणालाच कधी सांगितली नाहीत. मी मागितली की म्हणायचा, "ती नको, ती जमत न्हाय."

मला वाटायचं मी तुमच्याशी भांडून जिंकलो. सातवी शिकलेल्या माणसानं दातांच्या डॉक्टरला गोष्ट समजावली. आता वाटतं त्या दिवशी तुम्ही घाबरला होता. मला कळलंय की काय म्हणून माझ्याकडं बघत होता. तेव्हा सांगायचं होतं ना. डबा समोर होता, पेशंट नव्हता. "पावणं, मी पण तुमची एक गोष्ट सांगत असतो," एवढंच. मी काय केलं असतं? बहुतेक हसलो असतो. थोडे दिवस घुम्यासारखा वागलो असतो आणि मग म्हणालो असतो, पेढ्याचं तेवढं चुकतंय तुमचं. पण तुम्ही ती गोष्ट बंद केलीत आणि माझी चालू ठेवलीत. माझ्या लॅबच्या फेऱ्या मला आता मोजाव्याशा वाटत नाहीत.

तर ताई, हे पुस्तकासाठी. हाराची गोष्ट वर आलेली आहे, हात जोडल्यासकट. कापू नका.

आणि डॉक्टर, तुमचीही एक गोष्ट माझ्याकडं आहे. तुम्ही "कुणाला सांगू नका" म्हणाला होता आणि मी आईला सुद्धा सांगितली नव्हती. तुमची स्वतःची दाढ किडली होती. तुम्ही महिनोन् महिने लवंगेच्या तेलाचा बोळा धरून दुसऱ्यांच्या दाढा काढत होता, आणि कुणी जवळ आलं की वेलदोडा खायचा. शेवटी एका रविवारी शटर पाडून तुमचे मिरजेचे डॉक्टर मित्र आले. तुम्ही तुमच्याच खुर्चीत बसलात, आणि मी पाहिलं की तुम्हाला खुर्चीचं हे पेशंटचं टोक माहीतच नव्हतं. पाय कुठं ठेवायचे ते कळेना. "दारात कोण आलंय बघा," तुम्ही म्हणालात. कुणी नव्हतं. "लाईट जाईल आता, उद्या करू." लाईट गेली नाही. "एक्स-रे परत काढू." मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "अरे, सुई अजून पुडीत आहे." तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, "पावणं, गोष्ट सांगा." मी लेडीची सांगायला लागलो. घाबरल्यामुळं माझी बोली सगळी परत आली, लेडी आमच्या गावची झाली, "बसूलालाव का उभंच ऱ्हातूलालाव" म्हणायला लागली. कुणी हसलं नाही. सुई बघून तुम्ही डोळे मिटलेत आणि मला एक वाक्य म्हणालात.

एवढ्या मोठ्या डॉक्टरचं असं, म्हणून लोक आता हसतील. तुमचे मॉर्निंग वॉकवाले हसतील, काकू नव्या कवळीनं हसतील, त्यांचे मालक घरभर सांगतील. हसू देत. बरोबरी झाली असं मी म्हणत नाही, पण थोडं बरं वाटतं.

ते वाक्य मात्र मी लिहिलेलं नाही. त्याच्यावर लोक सगळ्यात जास्त हसले असते.